तारेला घरपट्टी

आधी ताईंचं सांगते, मग काय झालं ते. ताई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ताई. भिवंडीजवळच्या शेलार गावात बुद्धविहाराच्या मागच्या चाळीत आईबरोबर राहायच्या, सकाळी डबा घेऊन भिवंडीत ड्युटीला जायच्या. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांनीच फोनवर बजावलंय, "माझं नाव बऱ्याच कागदांवर आहे, अजून एकावर नको." त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, गावच्या नाहीत. त्यांना माझं काही देणंघेणं नव्हतं. तरी आज पोलिसाची गाडी रस्त्यानं गेली तर मी नुसती घाबरते, लपत नाही, ते त्यांच्यामुळे.

माझं गाव किनवटच्याही पलीकडं, जिथं जिल्हा संपतो आणि जंगल लागतं. आठवीत शाळा सुटली. बहिणीचं लग्न झालं, दाजी शेजारच्या वळ गावच्या गोदामात हमालीला लागले, आणि बहिणीला सोबत म्हणून मलाही पाठवलं. शेलारला एका खोलीत तिघं राहायचो. मग ठेकेदारानं दाजींना गुजरातेत दुसऱ्या गोदामावर नेलं. बहीण बरोबर गेली. "तिकडं खोली मिळाली की तुला न्यायला येतो," असं दाजी म्हणाले आणि मला घरमालकीण काकींच्या हवाली करून गेले. खोली मिळायला किती दिवस लागतात हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि त्या उत्तराची मला भीती होती.

काकी आणि काका तिथले मूळचे, शेतकरी. भाताची अर्धी जमीन गोदामाला गेलेली, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या. खोल्यांत सगळे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारे, बहुतेक उत्तरेकडचे. काकींनी मला पडवीला लागून असलेली खोली दिली. मी घरी आणलेल्या कापडाचे लोंबते धागे कापायची, भाकरी थापायची. काकींना माझ्या भाकऱ्या आवडायच्या नाहीत. "ही तुमची जवारीची भाकर म्हंजे चपलेचा तळवा," असं म्हणायच्या आणि मग तीच खायच्या. पण मला सतत वाटायचं, एक दिवस या म्हणतील, आता पुरे, जा. भाकरी थापताना कान त्यांच्या पावलांकडं असायचे.

तेव्हा आमच्या गल्लीत फोन म्हणजे काकांच्या घरचा एक, आणि नाक्यावरचा पीसीओ. मोबाईल होता, पण तो शेटलोकांच्या कमरेला. त्याच्यावर आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. खोलीत भाड्यानं राहणाऱ्याला फोन मिळायचाच नाही. पत्त्याचा पुरावा मागायचे, आणि पत्ता तर काकांचा. मग एकदा मुंबईत कुठलंसं ऑफिस बंद पडलं, त्याचं सामान विकायला निघालं, त्यातून काका एक खोकं घेऊन आले. ऑफिसात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर बोलायला असतं ते, इंटरकॉमचं. काकी म्हणाल्या, हे भंगार कशाला. काकांचं म्हणणं, टेबलाटेबलाला चालतं तर घराघराला का चालायचं न्हाय?

चाललं. केबलची कामं करणाऱ्या पोरांनी वायर ओढली. आधी आमच्याच बाजूच्या घरांना, कौलांवरून, परसातून. मग विजेच्या खांबाचा आधार घेऊन पल्याडच्या आळीत. मग एक दिवस रस्ता ओलांडून समोरच्या लूमच्या कारखान्यांत. खर्च सगळ्यांनी वाटून घेतला. प्रत्येक घराला आकडा मिळाला, आणि बायका एकमेकींना आकड्यानं ओळखायला लागल्या. काकी भाजी निवडताना सांगायच्या, दोनशे बारा आणि दोनशे सात एकमेकींशी बोलत न्हायत. कुणाला बाळंतकळा लागल्या, कुठं लूमच्या पट्ट्यात हात सापडला, पाण्याचा टँकर आला, सगळं त्या तारेवरून जायचं. आणि बोलायला पैसे पडायचे नाहीत. आमच्या गावात देवळाच्या पाराला कुणी पैसे देत नाही, तसंच हे, असं मला वाटायचं.

पुढचं पाऊल काकांनीच टाकलं. घरचा खरा फोन त्यांनी त्या खोक्याला जोडला. आता काकांच्या नंबरवर बाहेरगावाहून फोन आला, की पडवीत बसलेल्या माणसानं तो घ्यायचा, आकडा दाबायचा, आणि तो फोन थेट समोरच्या कारखान्यात किंवा मागच्या खोलीत वाजायचा. याला सगळे "बाहेरची" म्हणायचे. "बाहेरची आलीय का गं?" मी स्वतः बाहेरची, म्हणून सुरुवातीला दचकायची.

पडवीत बसायला माणूस हवा होता. घरात रिकामी मीच. अशी मी ऑपरेटर झाले.

बोर्डावर, म्हणजे त्या खोक्यासमोर, बसायला मला शिकवलं ताईंनी. एका रविवारी काकींकडं आल्या होत्या, मी फोनवर ओरडत होते ते ऐकलं. लांबच्या गावाला ऐकू जावं म्हणून मी ओरडायची. त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. म्हणाल्या, लांब आहे ते तारेला माहीत आहे, तुला ओरडायची गरज नाही. मग त्यांनी दाखवलं, कुठलं बटण किती वेळ दाबायचं, पलीकडच्याला थांबवून कसं ठेवायचं, समोर कुणी उचलत नसेल तर काय सांगायचं. शेवटी एक गोष्ट मात्र अशी सांगितली की अजून कानात आहे. "जोडायचं आणि कान काढायचा. कोण काय बोललं हे तुला माहीतच नसलं पाहिजे. आज हे तुला शिस्त वाटेल, पण उद्या हीच तुझी ढाल आहे."

ढाल कशापासून, ते मी विचारलं नाही. पण त्या रात्रीपासून झोप उडाली. ढाल देतात म्हणजे कुणी तरी वार करणार असतं.

समोरच्या कारखान्यात एक चाचा होते, लूमवर उभं राहून केस पिकलेले. शुक्रवारी लूम बंद असायचे. त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखातून, तिकडच्या बाजाराच्या गावातल्या बूथवरून, त्यांची बायको फोन करायची. चाचा सकाळपासून तीनदा येऊन विचारायचे, "बिटिया, हमारी लाइन आई क्या?" मी म्हणायची, चाचा, तुम्ही तिकडंच थांबा, इथं येऊन बसलात तर मी फोन जोडू कुणाला? ते हसायचे, परत जायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा दारात. त्यांच्या बायकोचा आवाज मी शेकडो वेळा ऐकला असेल, पण फक्त एकच शब्द, "हलो." पुढं कान काढायचा.

ती माणसं पावसाळा संपल्यावर दिसायला लागली. पहिल्यांदा एकटाच आला, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. रस्त्याच्या कडेला उभा राहून वर बघत होता. भिवंडीत वर कुणी बघत नाही. रस्त्यात खड्डे इतके, की सगळ्यांची नजर खाली. तो खांबाखांबानं चालत गेला, जिथं आमची वायर रस्ता ओलांडते तिथं थांबला, आणि मग आमच्या पडवीकडं बघितलं. मी खिडकी ओढून घेतली. पुढच्या आठवड्यात दोघं आले. नाक्यावरच्या पानवाल्याला विचारून गेले, हे वायर कुणाचं. तो म्हणाला, केबलवाल्याचं असेल. त्याच सुमारास तारेवर एक आवाज यायला लागला. फोन जोडला, की मध्ये कुणी तरी श्वास घेतंय असं वाटायचं. ताई म्हणाल्या, जोड ओला झाला की तसं होतं. खरंच असेल तसं. पण मी रिसीव्हर ठेवताना तो दोन्ही हातांनी ठेवायला लागले, जणू पलीकडच्याला जाग येईल.

काकांनाही धास्ती बसली. पण काकांची धास्ती बाहेर पडायची ती अक्कल म्हणून. एका संध्याकाळी तारेचा खर्च बघणाऱ्या गल्लीच्या मंडळाची माणसं पडवीत जमली. काका म्हणाले, आपली तार रेग्युलर करून घेऊ.

आता हे समजायला तिकडची रीत माहीत हवी. त्या बाजूला आधी घर उभं राहायचं, मग परवानगीचं बघायचं. भिंती झाल्या, पत्रे चढले, की ग्रामपंचायतीत जायचं आणि घरपट्टी लावून घ्यायची. एकदा पावती हातात आली, की घर पक्कं. ज्या घराकडून सरकार पैसे घेतं, ते घर नाहीच असं सरकार कसं म्हणेल? लोकांना याची इतकी सवय, की तो कायदाच वाटायचा. काकांचा मोठा भाऊ तर म्हणायचा, "घरपट्टी म्हंजे घराचं बारसं."

तर काकांनी ठरवलं, तारेचं बारसं करायचं. कुणी तरी सांगितलं, की वायरीचा कायदा म्हणजे तार कायदा. मग अर्ज द्यायचा कुठं? तार ऑफिसात. सरळ आहे.

मला मात्र तो शब्दच नको होता. आमच्याकडं तार म्हणजे मयत. बाबा गेले तेव्हा तार आली होती. पोस्टमन अजून वाचतोय तोवर आख्खी गल्ली रडायला लागली होती. मी काकांना म्हटलं, काका, नका ना जाऊ तार ऑफिसात. काकी म्हणाल्या, तू गप ऱ्हा, मेलं न्हाय कोन. पण त्यांनीही काकांना दाराबाहेर पडताना हातावर साखर दिली.

काका पेढ्यांचा पुडा घेऊन गेले. अर्जात सगळं प्रामाणिकपणे लिहिलं: आमची तार अमुक साली टाकली, इतक्या घरांना आहे, रस्ता ओलांडून गेली आहे, बाहेरचा फोन जोडला आहे, व्यवस्थित चालली आहे, तरी रीतसर जी काही पट्टी असेल ती लावावी. तिथल्या कारकुनानं म्हणे अर्ज दोनदा वाचला, पेढा तोंडात घातलाच नाही, आणि काकांना हळूच सांगितलं की हे असं लिहून देऊ नका. काकांना वाटलं, याला चिरीमिरी हवी. त्यांनी आवाज चढवला. मग त्या माणसानं मुकाट्यानं अर्ज घेतला आणि पोच दिली. गोल शिक्का, सही.

काकांनी ती पोच काचेत बसवून देव्हाऱ्याशेजारी लावली. गल्लीत दोन दिवस सण होता. घराघरांतून फोन यायचे, तार पक्की झाली का, आणि मी सांगायची, झाली. पोरांनी त्याच आठवड्यात आणखी दोन खोल्यांना वायर ओढली.

ताई ड्युटीवरून परस्पर आल्या, खांद्याला पर्स तशीच. काचेसमोर उभ्या राहून त्यांनी पोच वाचली, मग काकांना अर्जाची नक्कल मागितली, ती वाचली. मग पाटावर बसल्या. काकी पाणी घेऊन उभ्या.

"काका," ताई म्हणाल्या, "ही परवानगी नाही. हा तुमचा कबुलीजबाब आहे."

काका हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे.

मग ताईंनी समजावलं. कायदा जुना, इंग्रज साहेबाच्या काळातला. वायरीवरून बोलणं न्यायचा हक्क सरकारचा. सरकार परवाना देईल त्यालाच तो. एका इमारतीच्या आत, स्वतःच्या छपराखाली इंटरकॉम लावा, कुणी विचारत नाही. आणि आख्ख्या राज्यात फोन चालवायचा असेल तर त्याचा परवाना मोठ्या कंपन्या घेतात. पण मधलं काही नाही. त्यांनी ऑफिसात विचारून पाहिलं होतं, आधीच, आम्हाला न सांगता. दोन साहेबांनी फाईल चाळली आणि एक म्हणाला, असा प्रकारच नाही.

"घराला कायदा हाय, राज्याला कायदा हाय," काका म्हणाले, "गल्लीला न्हाय?"

"गल्लीला नाही."

"मंग गल्लीनं बोलायचं कसं?"

"हे विचारायला हवं होतं. पण वायर टाकायच्या आधी."

"आदी विचारलं असतं तर टाकू दिली असती?"

ताईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "नसती," त्या म्हणाल्या.

मंडळातल्या एकानं विचारलं, उद्या पोरांनी काड्यापेटीला दोरा बांधून या घरातून त्या घरात बोललं तर तेही तार कायद्यात का? ताई म्हणाल्या, दोरा रस्ता ओलांडत नसेल तोवर खेळा. सगळे हसले, पण लगेच थांबले. मग त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्यानं विचारलं, धरतील कुणाला?

ताईंनी माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला कळलं. म्हणाल्या, खोक्याचा मालक, आणि खोक्यावर बसणारा. बाहेरचा फोन जोडणारा हात कुणाचा, हे ते विचारतील.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बोर्ड बंद करावा तर पोरं म्हणाली, एकदम बंद केला तर जास्त संशय येईल. काका म्हणाले, अर्ज दिलाय, उत्तर येईस्तोवर चालू ठेवायचा, पट्टीच्या घराला कोन हात लावतो. तरी मला दिसायचं, ते जेवताना दाराकडं तोंड करून बसायला लागले होते. मी बसायची पडवीत. वाटायचं, पळून जावं. पण कुठं? गुजरातेतला पत्ता माझ्याकडं नव्हता. गावी भाऊ होता, पण तिकडं परत गेले असते तर पोलिसांनी हाकललेली म्हणूनच गेले असते. असल्या मुलीला गावात दार कोण उघडतं? आणि आणखी एक भीती, जी मी कुणालाच सांगितली नाही. भिवंडीत कुणाचे फोन कुठून येतात, हे विचारलं जाण्याचे दिवस होते. मला विचारलं असतं, उत्तरेकडून फोन येतात ते कुणाला जोडतेस, तर मी काय सांगणार होते? मला त्यांचे आवाज माहीत होते, खोल्या माहीत होत्या. चाचा माहीत होते.

एकदा ताईंना धीर करून विचारलं, मला तुरुंगात टाकतील का. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. एवढंच म्हणाल्या, ज्या दिवशी येतील त्या दिवशी मला आकडा दाबून बोलाव, मी असेन तिथून येईन. त्यांच्या आईच्या खोलीतही आमची तार होती. दोनशे एकोणीस.

ते आले शुक्रवारी दुपारी. जीप, दोन साहेब, एक हवालदार. इस्त्रीच्या शर्टवाला त्यांच्यात होता. ताई त्या दिवशी आईला दवाखान्यात न्यायचं म्हणून रजेवर होत्या. मी आकडा दाबला आणि नुसतं "या" म्हटलं. साहेब पडवीत आले तोवर ताईही मागून आल्या, धापा टाकत, पदर खोचलेला. काकींनी पाणी पुढं केलं. त्यांनी घेतलं नाही. चहा विचारला. नको. आमच्या मुलखात काय नि इथं काय, घरी आलेला माणूस पाणी नाकारतो तेव्हा तो भांडायला आलेला असतो, नाही तर सुतकात.

साहेब चढ्या आवाजात बोलले नाहीत. त्यांच्या हातात काकांचाच अर्ज होता. एकेक ओळ वाचायचे आणि विचारायचे, हे बरोबर? काका म्हणायचे, बरोबर. रस्ता ओलांडून गेली, बरोबर. बाहेरचा फोन जोडला, बरोबर. सगळं त्यांनीच लिहिलेलं. शेवटी काका देव्हाऱ्यापाशी गेले आणि काचेतली पोच काढून आणली. साहेबांनी ती बघितली. लहान साहेब खिडकीबाहेर बघायला लागला. मला वाटतं, त्याला हसू येत होतं, नाही तर कीव.

मग मोठ्या साहेबांनी विचारलं, "बोर्डावर कोण बसतं?"

काका जमिनीकडं बघत होते. काकी माझ्याकडं. पोरं दारात, तीही जमिनीकडं. मी तर बोर्डासमोरच बसले होते, त्या स्टुलावर, पण वाटत होतं आपण तिथं नाही.

आणि तेवढ्यात फोन वाजला. बाहेरचा.

शुक्रवारची दुपार. मला माहीत होतं कोण आहे. रस्त्यापलीकडं बंद लूमच्या दारात चाचा बसले असणार, आतल्या फोनशेजारी.

"घ्या ना," साहेब म्हणाले. "कसं जोडता ते बघू द्या."

मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. "हलो," पलीकडून चाचांच्या बायकोचा आवाज आला, आणि त्या आवाजात काही तरी वेगळं होतं, रडून झाल्यासारखं. जोडावं तर माझाच हात पुरावा. ठेवून द्यावा तर ती बाई किती कोस चालून बूथवर आलेली. दोन्हींतलं काहीच मला जमलं नाही. नुसती धरून बसले.

ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला, रिसीव्हर काढून घेतला, आणि माझ्या डोक्यावरून वाकून स्वतःच्या बोटानं तो आकडा दाबला. साहेबांच्या डोळ्यांदेखत. पलीकडं बेल वाजली, चाचांनी उचलला. ताईंनी रिसीव्हर कानापासून दूर केला आणि फळीवर उलटा ठेवला.

"बोर्डावर मी," त्या म्हणाल्या. "हिला बसायला मी शिकवलं, माझ्या सांगण्यावरून बसते. आधी माझं लिहा."

साहेबांनी विचारलं, तुम्ही कोण. ताईंनी सांगितलं, कुठल्या एक्स्चेंजला, कुठल्या हुद्द्यावर. लहान साहेबानं पेन उचललं होतं ते तसंच राहिलं. मोठे साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला याचा अर्थ कळतो ना? तुम्ही तर खात्याच्या."

"म्हणूनच मला कळतो," ताई म्हणाल्या. "हिला कळत नाही."

खाली तारेवर कुणी तरी बोलत होतं, बारीक, मुंगीच्या आवाजासारखं. साहेब म्हणाले, काय बोलतायत ते ऐका. ताई म्हणाल्या, आम्ही ऐकत नाही. बोलणं संपेस्तोवर सगळे तसेच उभे होते. साहेबांनीही वायर त्याच्या आधी काढली नाही, एवढं त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

चाचा त्याच संध्याकाळी गावी गेले. काय झालं होतं, मला कधीच कळलं नाही. ते परत आले नाहीत.

खोकं जीपमध्ये गेलं. वायरी छाटल्या, पण वरवर. टोकं खांबांवरून लोंबत राहिली कितीतरी दिवस, वारा सुटला की पत्र्यांवर खरडायची. काकांना बोलावणी आली, हेलपाटे झाले, दंड झाला, हात जोडून सुटले. माझं नाव कुणी विचारलं नाही. एका ओळीतही नाही. गल्लीत काही बायका म्हणाल्या, बाहेरची पोर आली आणि तारेला नजर लागली. काकींनी त्यांना असं काही ऐकवलं, ते मी इथं लिहू शकत नाही. त्यानंतर मला जा म्हणतील ही भीती गेली. दुसरी आली.

ताईंची चौकशी लागली. खात्याच्या माणसानं खात्याच्या कायद्याविरुद्ध, असं काही तरी. मी म्हटलं, मी येते, सांगते की मी बसत होते. त्या पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, "तू आलीस तर ते तुझंही लिहून घेतील. मग मी केलं ते कशाला केलं?" पुढं त्यांची बदली झाली, खाली तळकोकणात, घाटाच्या कुशीतल्या एका एक्स्चेंजला, जिथं त्या आणि यंत्रं, तिसरं कुणी नाही. आईला बरोबर नेलं. आई तिकडंच वारल्या. बढती अडकलेली आहे. चौकशी अजून बंद झालेली नाही. बंद होत नाही आणि निकालही लागत नाही.

आता मी त्याच रस्त्यावर एका मोबाईलच्या दुकानात काम करते. सिमकार्ड देते, रिचार्ज मारते. मोबाईल सगळ्यांकडं आहे. ज्या रस्त्यावरून आमची एक वायर गेली म्हणून जीप आली, तोच रस्ता कंपन्यांनी परवान्यानं खणलाय, मोठमोठ्या केबली पुरल्यात. लूमवरचा नवा माणूस येतो, गावी फोन लावायचाय म्हणतो, आणि मी त्याला विचारते, पत्त्याचा पुरावा आहे का? तो पाकीट खिशात घालून निघतो. अजून रस्त्यात कुणी मान वर करून खांबाकडं बघत असला तर हातातलं काम टाकून तो जाईपर्यंत मी त्याच्याकडं बघत राहते. ताईंशी मधूनमधून बोलणं होतं. एकदा म्हणाल्या, आता संस्थांना छोट्या रेडिओचा परवाना मिळायला लागलाय. एकानं बोलायचं आणि गावानं ऐकायचं, त्याला सरकार तयार आहे. गल्लीनं गल्लीशी बोलायचं मात्र अजून कुठल्याच फाईलीत नाही.

ताई, तुम्ही नको म्हणालात म्हणून मी थांबलेय. पण तुमची नोकरी संपेल त्या दिवशी तुमचा हुकूमही संपेल. मग मी त्या साहेबांच्या ऑफिसात जाणार, ते नसतील तर त्यांच्या खुर्चीवर असेल त्याच्यापुढं उभी राहणार आणि माझ्या हातानं, माझ्या नावानं लिहून देणार की त्या पडवीत मी बसत होते. मग काय व्हायचं ते होवो. आणि तुम्ही शेलारला परत याल तेव्हा तुम्हाला एकटीनं राहू देणार नाही. तुमच्या आईचं करायला मी नव्हते. तुमचं मी करीन. उशीर लागेल, पण फेडीन.